ज्या भाषेत मिळाले, त्या भाषेत फेडावे

आयुष्याकडे क्षणभर थांबून पाहावे, जे मिळाले त्याची नोंद करावी आणि ज्यांच्यामुळे मिळाले त्यांचे स्मरण ठेवावे, ही ओढ आजच्या तरुणांमध्ये ठळकपणे दिसू लागली आहे. पंचविशी-तिशीतील मुले-मुली वाढदिवसाला, वर्षाखेरीस, पहिली नोकरी लागल्यावर किंवा घर सोडून दूरच्या शहरी गेल्यावर चार पाने लिहितात. आजीने चुलीपुढे बसवून सांगितलेल्या गोष्टी, वडिलांनी सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत पोहोचवलेले दिवस, परीक्षेच्या काळात आईने सोबतीला जागून काढलेल्या रात्री अशा आठवणी त्यात असतात. रोज झोपण्यापूर्वी तीन चांगल्या गोष्टी वहीत टिपून ठेवण्याची सवयही काहींनी लावून घेतली आहे. 'ही पिढी आत्मकेंद्री आहे' असा सरसकट शेरा मारणाऱ्यांनी हे लेखन एकदा वाचावयास हवे. त्यातील भावना खरी असते, कळकळही खरी असते.

तथापि या लेखनाबाबत एक प्रश्न उरतो. मराठी घरांत वाढलेल्या तरुणांचे असे लेखन पुष्कळदा इंग्रजीत असते. ज्या आजीविषयी ते लिहिलेले असते, तिला ते वाचता येत नाही. 'नातवाने तुमच्याबद्दल फार छान लिहिले आहे हो,' असे कोणीतरी तिला सांगते. ती 'हो का?' म्हणून हसते आणि पुन्हा आपल्या कामाला लागते. जिचे आभार मानले, तिच्याखेरीज सर्वांपर्यंत ते आभार पोहोचलेले असतात. यात नातवाच्या प्रेमात काही उणे आहे, असे नाही. उणे आहे ते त्या प्रेमाला लाभलेल्या भाषेत. ही उणीव का निर्माण झाली आणि ती कोणी भरून काढावयाची, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

शब्दांतच दडलेला अर्थ

मराठीत 'थँक्यू'ला घरगुती शब्दच नाही, अशी तक्रार अधूनमधून ऐकू येते. 'धन्यवाद' सभेत शोभतो, 'आभार' कार्यक्रमाच्या शेवटी येतात; मग आईने पाण्याचा तांब्या पुढे केला तर काय म्हणावे? वरवर पाहता तक्रार रास्त वाटते. मराठी माणसाला कृतज्ञता ठाऊकच नसावी, असा निष्कर्षही कोणी त्यातून काढील. पण शब्दांच्या पोटात शिरून पाहिले, तर वेगळेच चित्र दिसते.

'कृतज्ञ' म्हणजे केलेले जाणणारा. 'कृत' आणि 'ज्ञ' या दोन भागांनी तो शब्द बनला आहे. आपल्यासाठी कोणी काय केले, हे ज्याला ठाऊक आहे, तो कृतज्ञ. म्हणजे ही केवळ मनात दाटून येणारी भावना नव्हे. तिच्या मुळाशी ज्ञान आहे. ज्याला ठाऊक नाही, त्याला कृतज्ञ होताच येणार नाही. 'आभार' या शब्दात भार आहे. उपकाराचे ओझे मानले जाते, म्हणूनच आपण आभार 'मानतो'. आणि ते ओझे उतरविणारा 'उतराई' होतो. ग्रंथाच्या आरंभी लेखक 'ऋणनिर्देश' करतो. आणि 'पांग फेडणे' हा तर खास मराठी वाक्प्रचार. पांग म्हणजे गरज, उणेपण. आईबापांचे पांग फेडणे म्हणजे त्यांनी पोराबाळांसाठी जे सोसले, त्याची भरपाई त्यांची उणीव दूर करून करणे. या एकाही शब्दात केवळ बोलून मोकळे होण्याची सोय नाही. मराठीतील कृतज्ञता ओठांवर थांबत नाही. ती हातांनी फेडावी लागते.

म्हणूनच घरातील वडीलधाऱ्यांना 'थँक्यू' म्हटले की ती संकोचतात. 'घरच्या घरी कसले आभार?' असे म्हणतात. हा रूक्षपणा नव्हे. शब्दाने हिशेब मिटवून टाकला, तर नाते कुठे राहिले, असा भाव त्यामागे असतो.

फेडण्याची रीत

ही रीत लोकजीवनात जागोजागी दिसते. जेवून उठताना 'अन्नदाता सुखी भव' म्हणण्याची पद्धत होती. त्यात आभारापेक्षा अन्न देणाऱ्याच्या सुखाची इच्छा आहे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी शेतकरी बैलाची खांदेमळणी करतो. वर्षभर जू वाहून ज्या खांद्याला घट्टे पडले, नेमका तोच खांदा तूप-हळद लावून चोळतो आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतो. बैलाला भाषणातले आभार कळणार नाहीत. त्याला कळेल अशाच भाषेत ते मानले जातात. दसऱ्याला सुतार करवतीची, विद्यार्थी पुस्तकांची पूजा करतो. ज्याच्याकडून मिळाले, त्याच्यापर्यंत पोहोचेल अशा रीतीने द्यावे, हे सूत्र निरक्षर शेतकऱ्यालाही ठाऊक होते.

याच सूत्राला शास्त्राने 'ऋण' हे नाव दिले. तैत्तिरीय संहितेत तीन ऋणांची कल्पना आली आहे. मनुष्य जन्मतःच देव, ऋषी आणि पितर यांचा ऋणी असतो. शतपथ ब्राह्मणाने त्यात मनुष्यांच्या ऋणाची भर घातली आणि ते अन्न व निवारा देऊन फेडावे, असे सांगितले. यांपैकी ऋषिऋणाचा विचार येथे विशेष महत्त्वाचा आहे. ज्ञान देणाऱ्यांचे हे ऋण फेडण्याचा मार्ग एकच सांगितला आहे, तो म्हणजे अध्ययन. ऋषींना दक्षिणा पाठवता येत नाही. त्यांनी जे दिले ते शिकणे, वापरणे आणि पुढच्याला देणे, हीच त्यांची परतफेड.

भाषा ही अशीच ऋषिऋणाच्या कोटीतील देणगी आहे. ती कोणी विकत घेतलेली नसते. बोलू लागण्यापूर्वीच ती कानांवर पडते आणि तिचे मोल कोणी मागत नाही. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत कळत नाही, हे मात्र भाषेच्या बाबतीत फार लवकर खरे ठरते.

देणाऱ्यांची ओळख

कृतज्ञ म्हणजे जाणणारा, हे एकदा मान्य केले, तर मराठी आपल्या हाती कोणाच्या कष्टांनी आली, हे जाणणे ओघानेच येते. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत आणला. पुढे नकला होत गेल्या, तसतसे त्या ग्रंथात पाठभेद आणि प्रक्षेप शिरले. जवळजवळ तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी अनेक प्रती ताडून पाहिल्या आणि ज्ञानेश्वरी शुद्ध केली. नाथ स्वतः समर्थ ग्रंथकार होते. त्यांना त्या ग्रंथात स्वतःच्या ओव्या सहज मिसळता आल्या असत्या. त्यांनी ते केले नाही. उलट इतर कोणीही तसे करू नये, असे बजावून ठेवले. पूर्वसुरींचे ऋण कसे फेडावे, याचा याहून स्वच्छ नमुना मराठीत क्वचितच सापडेल.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरले. माळ्यांवर, अडगळीत पडलेली दप्तरे त्यांनी मिळवली, वाचली, उतरवून घेतली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे तिचे बावीस खंड झाले. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात सिद्ध केले. लाखाहून अधिक शब्द त्यात नोंदले गेले. त्यांच्याही आधी मोल्सवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने एतद्देशीय पंडितांच्या साहाय्याने मराठी-इंग्रजी कोश रचला. १८३१ साली तो प्रसिद्ध झाला, १८५७ साली त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली, आणि आजही जाणकार त्याचा आधार घेतात. कृतज्ञता स्वकीय-परकीय पाहत नाही. ज्याने मराठीचे शब्द मोलाने जपले, तो मराठीचा उपकारकर्ताच.

आज मोबाइलच्या पडद्यावर एखाद्या मराठी शब्दाचा अर्थ क्षणात दिसतो. त्या क्षणामागे अशी आयुष्ये खर्ची पडली आहेत. किती तरुणांना, किंबहुना त्यांच्या किती पालकांना, ही नावे ठाऊक आहेत? ठाऊक नसतील, तर 'माझ्या भाषेचा मला अभिमान आहे' या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही. अभिमान घोषणेतून दाखवता येतो. कृतज्ञतेला मात्र अभ्यास लागतो.

दोन पुत्र

भाषा, आयुष्य आणि कृतज्ञता यांचा संगम मराठीत कसा झाला आहे, हे पाहण्यासाठी दोन पुत्रांची उदाहरणे पुरेशी आहेत.

पहिले साने गुरुजींचे. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात असताना त्यांनी अवघ्या काही दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढली. त्यांची आई १९१७ सालीच निवर्तली होती. कोकणातील एका दरिद्री घरातील त्या माउलीजवळ द्यावयास धन नव्हते. तिने संस्कार दिले, आणि ते स्वयंपाकघरात, अंगणात, विहिरीवर बोलल्या जाणाऱ्या मराठीत दिले. पुत्राने ते त्याच मराठीत परत केले. गुरुजी इंग्रजी उत्तम जाणणारे, तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. झालेले होते. तरीही आईच्या आठवणी सांगताना त्यांनी आईचीच भाषा वापरली. म्हणून ते पुस्तक विद्वानांच्या कपाटात अडकून पडले नाही. जिच्याविषयी लिहिले होते, तिच्यासारख्या लाखो आयांच्या हाती ते गेले.

दुसरे उदाहरण सोपानदेव चौधरी यांचे. ते स्वतः कवी होते. त्यांची आई बहिणाबाई निरक्षर. जळगावजवळच्या असोदे गावात जन्मलेल्या या शेतकरी स्त्रीने दळताना, शेतात राबताना ओव्या रचल्या. त्या कागदावर उतरल्या नसत्या, तर ३ डिसेंबर १९५१ रोजी तिच्या निधनाबरोबरच त्या संपल्या असत्या. सोपानदेवांनी आणि त्यांच्या आप्तांनी त्यांतील काही वेळीच लिहून ठेवल्या होत्या. त्या आचार्य अत्र्यांना दाखवल्या गेल्या आणि अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' महाराष्ट्रापुढे आली. लिहून घेणाऱ्यांनी आईची खानदेशी बोली 'सुधारून' ग्रांथिक केली नाही, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. आईचे शब्द आईच्याच तोंडचे राहिले. मुलाला अक्षर येत होते, आईला येत नव्हते. मुलाने आपले अक्षर आईच्या सेवेला लावले. शिकलेल्या पिढीने न शिकलेल्या पिढीचे ऋण कसे फेडावे, याचा हा वस्तुपाठ होय.

आज लक्षावधी घरांत शिकलेली नातवंडे आणि थोडे शिकलेले आजी-आजोबा एकाच छपराखाली आहेत. नातवंडांजवळ अक्षर आहे, ध्वनिमुद्रण करणारा दूरध्वनी आहे, वेळही आहे. नाही ती एवढीच जाणीव, की आजीजवळ जे आहे ते आणखी दहा वर्षांनी मिळणार नाही.

दोष कोणाचा?

याचे खापर तरुणांच्या माथी फोडणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. इंग्रजीत लिहिणाऱ्या मुलाने शाळेचे माध्यम स्वतः निवडलेले नव्हते. वयाच्या तिसऱ्या वर्षी त्याला ज्या शाळेत घातले गेले, ती त्याच्या आईवडिलांनी निवडली. घरात 'हात धू' ऐवजी 'हँड वॉश कर' म्हणणारे त्याचे आईवडीलच होते. आत्या, मावशी, काकू, मामी ही चार वेगवेगळी नाती चार नावांनी हाक मारावयास शिकवण्याऐवजी सर्वांची 'आंटी' करून टाकणारेही तेच. नाव पुसले गेले, की कोणी आपल्यासाठी काय केले हे आठवणेही कठीण होऊन बसते. आजारपणात पंधरा दिवस उशाशी बसलेली मावशी आणि सोसायटीत खालच्या मजल्यावर राहणारी शेजारीण यांना एकच शब्द असेल, तर 'केलेले जाणणारा' होण्याची पहिली पायरीच निखळली.

या बाबतीत सुशिक्षित मध्यमवर्गाचे वर्तन तपासून पाहण्यासारखे आहे. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमाला हाच वर्ग पुढच्या रांगेत असतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा पेढे वाटणाराही तोच होता. या दर्जाचा आनंद व्हावा, यात शंका नाही. प्राचीन ग्रंथांचे संशोधन, कोश, अनुवाद यांना त्यामुळे बळ मिळू शकेल. पण सरकारी दर्जा स्वयंपाकघरात येत नाही. २०२० साली महाराष्ट्राने कायदा करून सर्व शाळांत पहिली ते दहावी मराठी विषय अनिवार्य केला. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही किमान पाचवीपर्यंत शक्य तेथे मातृभाषेतून शिक्षण द्यावे, असे म्हटले. कायदा शाळेत तास ठेवू शकतो. घरात संवाद ठेवू शकत नाही. २०११ च्या जनगणनेत आठ कोटींहून अधिक लोकांनी मराठी ही आपली मातृभाषा नोंदवली. त्या संख्येने निश्चिंत होणे धोक्याचे आहे. भाषा कमी बोलली जाऊ लागते, तेव्हा आधी बोलणारे घटत नाहीत. आधी विषय घटतात. पैसा, विज्ञान, नोकरी यांच्या गोष्टी दुसऱ्या भाषेत जातात. शेवटी प्रेम आणि कृतज्ञताही दुसऱ्या भाषेत जाऊ लागली, म्हणजे घराची चौकटच हलली असे समजावे.

इंग्रजीशी वैर नको

याचा अर्थ इंग्रजीचा द्वेष करावा, असा कोणी काढू नये. इंग्रजी ही आज अर्थार्जनाची आणि जगाशी व्यवहाराची भाषा आहे. ती उत्तम यावयासच हवी. मराठी पत्रकारितेचे जनक बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केले, तेव्हा त्यात शेजारी-शेजारी दोन स्तंभ होते, एक मराठी आणि एक इंग्रजी. ऐन तारुण्यातील या पंडिताला दोन्ही भाषांत सारखेच वावरता येत होते. त्यांना एकीसाठी दुसरी सोडावीशी वाटली नाही. आजच्या तरुणानेही ग्राहकाला इंग्रजीत पत्र लिहावे आणि आजीला मराठीत. यात विसंगती नाही, औचित्य आहे.

दूरदेशी गेलेल्या मराठी मंडळींकडून या बाबतीत शिकण्यासारखे आहे. तंजावर परिसरातील मराठी कुटुंबांनी तमिळ मुलखात शतकानुशतके घरातली मराठी टिकवली. तिचा घाट बदलला, तिच्यात तमिळ मिसळली, पण चुलीजवळची भाषा तीच राहिली. अमेरिकेत आठवडाअखेरी मराठी शाळा भरतात. नोकरी-व्यवसाय करणारे आईवडील स्वयंसेवक होऊन तेथे मुलांना मुळाक्षरे गिरवायला शिकवतात. सभोवती मराठीचा एकही फलक नसताना ते हे करतात, कारण आपल्याजवळ काय होते हे त्यांना दूर गेल्यावर उमगले. पुण्या-नागपुरातील, ठाण्या-नाशिकातील घराला हे उमगण्यासाठी सातासमुद्रापार जाण्याची गरज पडू नये.

एक पत्र, एक वही

उपाय मोठे नाहीत. घरातील तरुणाला 'मराठीत लिही' असा उपदेश करून काही साधणार नाही. शुद्धलेखनाच्या चुका काढून तर मुळीच नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेले पण मनापासून लिहिलेले पत्र आजीला चालते. लिहिण्याचा सराव नसेल, तर बोलून देवनागरीत उतरवून देणारी सोय आता खिशातल्या यंत्रात आहे. येत्या दिवाळीला प्रत्येक नातवाने आपल्या आजी-आजोबांना मराठीत एक पत्र द्यावे. त्यात मोठे विचार नकोत. 'अमक्या वर्षी मला ताप आला होता, तेव्हा तू रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्यास, ते मला आठवते,' एवढे पुरे आहे. केलेले जाणले, हे त्यातून कळते.

दुसरे, घरात एक वही ठेवावी. आजीच्या तोंडी असलेले आणि घरात आता कोणी न वापरणारे शब्द त्यात टिपावेत. आधण, उलथणे, शिंके, वाफसा, तिफण यांपैकी किती शब्दांचे अर्थ घरातील दहावीच्या मुलाला सांगता येतात, हे एकदा सहज विचारून पाहावे. प्रत्येक शब्दाबरोबर तो कोठे ऐकला, तेव्हा काय घडले, हेही लिहावे. काही महिन्यांत ती वही घराचा लहानसा कोश होईल आणि त्या घराचा इतिहासही. घरोघरी जाणाऱ्या कार्यकर्त्याने या दोन गोष्टींचा आग्रह धरला, तर वस्तीतील एखादी संध्याकाळ या वह्यांच्या वाचनालाही देता येईल.

तिसरी गोष्ट पालकांनी करावयाची आहे. मुलांनी मराठीत कृतज्ञता व्यक्त करावी असे वाटत असेल, तर त्यांनी आपल्या आईवडिलांशी तशी ती आधी व्यक्त करावी. मुले ऐकून शिकत नाहीत, पाहून शिकतात. पन्नाशीतील मुलगा ऐंशीच्या आईजवळ बसून 'तू हे कसे निभावलेस?' असे विचारतो, हे दृश्य नातवाने पाहिले, की पुढचे सांगावे लागत नाही.

ऋण फेडल्याने संपत नाही, असे आपली परंपरा मानते. ते पुढच्या पिढीच्या हाती सोपवले जाते. आईकडून जे मिळाले, ते आईला पूर्ण परत करता येत नाही, म्हणून ते अपत्याला द्यावयाचे. भाषेचा प्रवास असाच झाला आहे. सातशे वर्षांहून अधिक काळ ही मराठी हातोहात आली. आजची पिढी आपल्या भावना कोणत्या भाषेत लिहिते, यावर ती आणखी किती हातांत जाणार हे अवलंबून राहील. सुरुवात कोठून करावी, असा प्रश्न पडणाऱ्यांच्या घरात बहुधा एक वृद्ध माणूस खिडकीशी बसलेले असते. त्याच्यापर्यंत पोहोचेल, अशा भाषेत त्याच्याशी बोलावे. त्यासाठी मुहूर्त पाहण्याचे कारण नाही.